चिमणाबाईंची रिक्षा

चिमणाबाईंचा नवरा दारूपायी गेला, तवापासनं त्या दारूच्या हात धुऊन मागं लागल्या. मतदानात सगळ्या बायकांकडनं आडव्या बाटलीवर शिक्का मारून घेतला, गावातलं दारूचं दुकान बंद पाडलं आणि त्याच जोरावर सरपंच झाल्या. आता मात्र रोज सांजच्याला त्यांची रिक्षा कागलच्या हायवेवर बारपाशी उभी दिसती. हप्ता खात असणार, दुसरं काय? पुढारी झाली की बाई बदलतीच.

काल आमचं मालक भजनाला गेल्यावर मी त्यांना रंगेहाथ धरायलाच तिथं गेले. चिमणाबाई एका पाठमोऱ्या, झिंगलेल्या माणसाला रिक्षात बसवत होत्या. मला बघून चपापल्या.

"तुझ्या नवऱ्याला रोज लिंबू पाजून, भजन सुटायच्या टायमाला देवळापाशी सोडते की," त्या म्हणाल्या. "तू कशाला आलीस?"