मेण लावलेल्या गाडीची पूजा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत छपराखालच्या जागा आधी आलेल्यांनी पटकावल्या आणि आम्हाला मिळाली भिंतीलगतची उघडी जागा. वर सोनमोहराचं झाड. ज्याला झाडं फार आवडतात त्याने एकदा त्याच्याखाली पांढरी गाडी उभी करून बघावी. फुलं पडतात, शेंगा पडतात, वरून चिकट काहीतरी ठिबकतं आणि मुलुंडमधले यच्चयावत कावळे सकाळचे विधी तिथेच उरकतात. कावळ्याची शीट उन्हात वाळली की रंग खाते, हे गाडी घेण्याआधी मला माहीत नव्हतं. गाडी घेतल्यावर मला दुसरं काही माहीत करून घ्यावंसंच वाटेना.

गाडी खरं म्हणजे आईसाठी घेतली होती. तिची धाकटी बहीण बोरिवलीला राहते. आईचे गुडघे गेल्यापासून स्टेशनचे जिने चढणं, पूल ओलांडणं बंद झालं आणि दोघी बहिणी फोनवरच एकमेकींना "ये ना गं" म्हणत बसायच्या. आयुष्यातली पहिली नवी गाडी दारात आली तेव्हा दसरा आठवड्यावर होता. आई म्हणाली, "दसऱ्याला पूजा करू, मग बसेन मी. तोवर नाही." दसऱ्याला जेवायला मावशीकडेच जायचं ठरलं. मावशी लगेच श्रीखंडाच्या तयारीला लागली.

मला हे पथ्यावरच पडलं, कारण मधल्या दिवसांत मला गाडीला मेण लावायचं होतं. मोबाइलवर मी या विषयाचे इतके व्हिडिओ पाहिले होते की तेवढ्या अभ्यासात मी सीए झालो असतो. गाडी धुवायची, कोरडी करायची, ऊन चढायच्या आत बोटभर मेण घेऊन पातळ हात फिरवायचा, ते धुरकट झालं की मऊ फडक्याने पुसून काढायचं. पहिल्याच दिवशी मी उन्हात लावलं आणि ते टपावर असं वाळलं की गाडीला नायटा झाल्यासारखं दिसायला लागलं. मग सगळं काढून पुन्हा सुरुवात. बायको गॅलरीतून बघत होती. म्हणाली, "मला ताप असताना माझ्या कपाळावरून एवढ्या मायेने हात नाही फिरवलास कधी."

मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही, कारण त्याच वेळी वर कावळा बसला होता. मी त्याला काय काय म्हणालो ते इथे लिहिता येणार नाही. अख्ख्या सोसायटीने मात्र ते ऐकलं.

दसऱ्यापर्यंत गाडी अशी झाली की तिच्यावर मगभर पाणी ओतलं तर अळूच्या पानावरच्यासारखे टपोरे थेंब व्हायचे आणि घरंगळून जायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून मी हा प्रयोग दाखवत असे. लोक "झकास" म्हणायचे आणि पुढच्या वेळी मागच्या गेटने जायचे.

दसऱ्याच्या सकाळी झेंडूचा हार आणला. हाराच्या तारेने ओरखडा पडेल म्हणून मी खाली टॉवेल अंथरला. चाकांखाली लिंबं ठेवली. नारळ गाडीपासून लांब, पाण्याच्या टाकीजवळ फोडायचा असं मी जाहीर केलं. आई पूजेचं ताट घेतलेल्या सुनेच्या आधाराने, कठडा धरत एकेक पायरी उतरून आली. वाटीत कुंकू ओलं केलं, पदर खोचला आणि बॉनेटवर अनामिकेने स्वस्तिकाची पहिली रेघ ओढली.

रेघेचे थेंब झाले. थेंब घरंगळले आणि गाडीच्या दिव्याच्या बाजूने खाली जमिनीवर पडले.

आईने दुसरी रेघ ओढली. तीही गेली. तिसऱ्यांदा तिने बोट जरा दाबून धरलं. काही उपयोग झाला नाही. जागा पहिल्यासारखी पांढरी स्वच्छ. एरवी माझा ऊर भरून आला असता.

"गाडी कुंकू घेत नाहीये," आई म्हणाली.

"अगं, मेण लावलंय म्हणून."

"मेण देवाला अडवतं होय? मी नाही बसायची हिच्यात. तुम्ही दोघं जाऊन या."

मी तिला शास्त्र समजावून सांगायला लागलो. मी जसजसा समजावत गेलो तसतशी ती जास्तच ठाम होत गेली. बायकोने तोड काढली: कुंकू तेलात कालवलं. तेल तर पाण्याहून लवकर निसटलं. मग तिने वर जाऊन आपल्या पाकिटातली सगळ्यात मोठी टिकली आणली आणि बॉनेटच्या मधोमध चिकटवली. आई म्हणाली, "गाडी काय ऑफिसला निघालीय?"

इतक्यात मावशीचा फोन आला. निघालात का, पुऱ्या कधी तळायला घेऊ. आई तिला म्हणाली, "जरा थांब गं, इथे विघ्न आलंय." ते विघ्न म्हणजे मी, हे तिच्या नजरेवरून कळत होतं.

शेवटी मी स्वयंपाकघरातून भांडी घासायचा साबण आणला. मेणाचा तोच एक खरा शत्रू. बॉनेटवर तळहाताएवढी जागा घासून मी स्वतःच्या हाताने मेण काढलं. पोटच्या पोराचं जावळ काढतानाही मला इतकं वाईट वाटलं नसतं. आईने बोट टेकवलं. कुंकू बसलं, आणि असं बसलं की ते आता निघायचं नाही हे मला तिथेच कळलं. लखलखीत स्वस्तिक.

मला वाटलं, आई खूश होईल. तर तिचा चेहराच पडला. "बसलं," ती म्हणाली, आणि इकडेतिकडे बघायला लागली. "लिंबं ठेवलीस का?"

"ठेवलीत ना. ही काय."

"राहुकाळ तर नाही ना आत्ता?"

"आई, आज दसरा आहे. आख्खा दिवस मुहूर्त आहे."

मग ती बायकोचा हात धरून, पण माझ्याकडे बघत म्हणाली, "मला चारचाकीत उलटी होते रे. लहानपणापासून होते. कावळ्याने घाण केली तर तू त्याची सात पिढ्यांपर्यंतची खबर घेतोस. माझ्याने झालं तर काय करशील?"

मला हसू आलं आणि त्याच क्षणी डोळ्यांत पाणीही आलं. हिच्यासाठी गाडी घेतली आणि हीच तिला घाबरत होती. मी म्हणालो, "आई, तू कुठेही उलटी कर. सीटवर कर. माझ्या डोक्यावर कर."

"शुभ दिवशी काय बोलतोस रे," ती म्हणाली आणि बसली.

पवईपर्यंत ती डोळे मिटून, तोंडात आवळासुपारी धरून होती. मेट्रोच्या कामाचे खड्डे सुरू झाले आणि तिने काच खाली केली. मी गाडी बाजूला घेईपर्यंत सगळं दारावरून ओघळलं होतं. खाली उतरून मी आधी तिचं तोंड धुतलं, पाणी प्यायला दिलं. मग फडकं घेतलं. एका हातात दार स्वच्छ झालं. मेणाचं कौतुक करायचा मोह मी महत्प्रयासाने आवरला.

"रंग गेला का रे?" आईने आतून विचारलं.

"नाही गं."

"मग चल. ती पुऱ्यांसाठी खोळंबलीय."

बोरिवलीला मावशी गेटवरच उभी होती. आईला उतरायला दिलं नाही तिने. दार उघडून अर्धी आत वाकली आणि आईच्या गळ्यातच पडली. दोघी रडायला लागल्या. मावशीच्या एका हातात पुऱ्यांचा झारा तसाच होता. तो टपावर टेकला होता आणि त्यातून तेल ठिबकत होतं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी इंजिन बंद केलं आणि दोघींचं रडून होईपर्यंत तसाच बसून राहिलो.