सहा टाक्या आणि साहेबांची बाटली

शिंपल्यांच्या सहा टाक्या शुक्रवारी रिकाम्या करायच्या, असा कागद साहेबांनी भिंतीवर चिकटवला, तेव्हा मावशी गाळण्या धूत होत्या. अठरा वर्षं त्या या संवर्धन केंद्रात राबत होत्या. या टाक्यांतले शिंपले त्यांनी टाचणीच्या डोक्याएवढे होते तेव्हापासून वाढवलेले. साहेबांना येऊन सहा महिने झाले होते, त्यातले चार परिषदांत गेले.

"शिंपले कमजोर आहेत, मावशी. रोग आला तर सगळं केंद्र बसेल."

"कमजोर कशावरून?"

"तुम्हाला कळायचं नाही." आणि लगेच समजावूनही सांगितलं, कारण समजावल्याशिवाय साहेबांचं जेवण पचत नसे. "यांच्या रक्तात लेक्टिन नावाची प्रथिनं असतात. जंतूंच्या अंगावर ग्लुकोजसारख्या साखरा असतात, त्या ती धरतात. जंतूंचे गठ्ठे होतात, मग रक्तातल्या पेशी ते गिळतात. आपल्यासारखी मागचा रोग लक्षात ठेवणारी सोय यांच्याकडे नाही. सगळी भिस्त या पकडीवर. मी तपासलं, गठ्ठे होतच नाहीत."

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या टाक्या सडल्या, तेव्हा याच सहा तगल्या होत्या. नोंदवहीत तसं लिहिलेलं होतं. पण वही उघडायची तर मान वाकवावी लागते.

साहेब जेवायला गेले. मावशींनी त्यांची द्रावणाची बाटली उचलली. रक्तातल्या पेशी एकमेकींना चिकटू नयेत म्हणून साहेब याच द्रावणात रक्त काढत. आधीच्या संस्थेतून आणलेलं, म्हणून भारी. दोन पोरं वाढवताना मावशींना औषधाच्या प्रत्येक बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायची खोड लागली होती. मीठ, सायट्रेट, ग्लुकोज.

त्यांनी एकाच शिंपल्याचं रक्त दोनदा काढलं, एकदा बाटलीतल्या द्रावणात, एकदा गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात. दोन्ही रक्तं दोन काचांवर घेऊन, साहेब तपासताना टाकत तसा, मेलेल्या जंतूंचा थेंब टाकला. पहिली काच होती तशीच. दुसरीवर नासक्या दुधासारखे गठ्ठे.

साहेब ढेकर देत परतले. मावशींनी काचा पुढे सरकवल्या.

"तुमच्या बाटलीत साखर आहे, साहेब. त्या लेक्टिनच्या हातात आधीच साखर कोंबली, तर ते जंतू धरणार कशानं?"

साहेबांनी लेबल वाचलं. मग सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहिलं. तेवढ्यात चेहरा जागेवर आणायचा होता.

"हं. मलाही शंका होतीच."

"मग कागद कशाला चिकटवलात?"

"अहवालात मी 'द्रावणाची मर्यादा' असं लिहितो."

"खुशाल लिहा. आधी कागद रद्द करून सही द्या."

"उद्या बघू."

"शुक्रवार उद्याच आहे."

साहेबांनी सही केली. अक्षर मात्र झोकदार, जणू शोध त्यांनीच लावला.

सही हातात आली, तरी निघताना मावशींनी टाक्यांच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या पिशवीत टाकली. विद्वान माणूस, सकाळपर्यंत आणखी काही सुचायचं.