हळदीचा झेंडा

मुलांनो, तुमच्या आजोबांच्या अंपायरिंगला आजवर एकच डाग लागला आहे, आणि तो हळदीचा आहे.

तरुणपणी नोकरीनिमित्त मेलबर्नला असताना ते ऑस्ट्रेलियन फुटबॉल शिकले. इथे इंग्लंडात, मेडनहेडला आल्यावर, या खेळाचं नावही कोणी ऐकलेलं नसताना, त्यांनी चार वेडे जमवून टीम उभी केली. (पाचवी वेडी मी. डबे पुरवायचे!) पुढे गुडघ्यांनी राजीनामा दिला, तेव्हा ते गोल अंपायर झाले. पांढरा कोट, पांढरे दोन झेंडे. चेंडू मधल्या खांबांतून गेला की गोल: दोन्ही झेंडे, सहा गुण. जरा बाजूने गेला तर एक झेंडा, एक गुण.

यंदाच्या फायनलला तुमच्या समीरकाकाची टीम पाच गुणांनी पुढे होती. शेवटच्या क्षणी समोरच्यांनी किक मारली आणि चेंडू थेट मधून गेला! आजोबांनी झेंड्यांसाठी कोटाच्या खिशात हात घातला. हाती एकच आला.

"अगं, दुसरा कुठाय?"

मी गोलमागे खुर्चीवर, मांडीवर बटाट्याच्या भाजीचा डबा. आणि डबा बांधलेला... इस्त्री केलेल्या पांढऱ्या फडक्यात! (सकाळच्या घाईत कपाटात वरच दिसलं. तो झेंडा आहे हे मला काय ठाऊक!)

मैदानातून समीर ओरडला, "आई, गाठ सोडू नकोस!"

मीही कुजबुजले, "अहो, एकच दाखवा ना. आपलाच मुलगा आहे."

"मैदानात मला मुलगा नाही. सोड!"

"आणि बायको?"

"बायको आहे, म्हणूनच झेंडा नाही! आण इकडे!"

त्यांनीच गाठ ओढली. भाजी माझ्या साडीवर, रस्सा झेंड्यावर! पण आजोबा ताठ उभे राहिले आणि एक पांढरा, एक पिवळा, दोन्ही झेंडे असे फडकवले की मोहरीचे दाणे पार प्रेक्षकांपर्यंत उडाले.

समीर एका गुणाने हरला. तरी सगळ्यांत आधी तोच धावत आला. "बाबा, गोलच होता. क्लीन गोल!" आणि बापलेक गळ्यात गळे घालून हसत सुटले. माझे डोळे भरून आले. (मिरची उडाली होती, असं मी सांगितलं.)

आता मॅचला निघताना आजोबा दारातच माझी पिशवी रिकामी करून तपासतात. हीथ्रोवरसुद्धा माझा एवढा संशय कोणी घेत नाही!