मेरठचा म्हणून वाजवलेला सॅक्सोफोन

सॅक्सोफोन दाखवायला अमरावतीत माझ्या घरी लोक येतात. कोणी विकणारा, कोणी घेणारा, कोणाला आजोबांच्या ट्रंकेत सापडलेला. मी त्यावरचं नाव आधी वाचत नाही. नाव काय, कोणीही दुपारभरात कोरून देतो. मी चाव्या दाबून पाहतो. दांड्या डुगडुगतात का, झाकण हलक्या बोटानं मिटतं का. मग खिडक्या लावून आत छोटा बल्ब सोडतो. झाकणाच्या कडेनं उजेड दिसला की तिथून हवा जाते. आणि घासून चकचकीत करू नका म्हणतो. घासलं की नक्षी जाते, नक्षीसोबत किंमतही.

हे सगळं मी मोकळेपणानं सांगतो. एक गोष्ट मात्र बावीस वर्षं सांगितली नव्हती.

तेव्हा मी आणि अकोल्याचा माझा मित्र एकाच बँडमध्ये वाजवायचो. एक दिवस तो पोत्यात गुंडाळलेला सॅक्सोफोन घेऊन आला. रेल्वेतून रिटायर झालेल्या एका म्हाताऱ्यानं त्याला देऊन टाकलेला. "पाह्य बे, कसा हाय." मी पाहिला. फ्रान्सचा होता, हातानं कोरलेला, अस्सल. मी म्हणालो, "मेरठचा दिसते. वाजव, चालते."

पैशाचा प्रश्नच नव्हता. त्याची फूक माझ्यापेक्षा चांगली होती. निदान वाद्य तरी माझं वरचढ असावं, एवढंच वाटलं. माझा खरंच मेरठचा होता, बँडवाल्यांसाठी बनतो तो स्वस्तातला.

त्यानं विश्वास ठेवला आणि तो बेफिकीर वाजवत सुटला. धुळीत, पावसात. शेंदूरजनाघाटच्या एका लग्नाला जाताना तर तो सॅक्सोफोन संत्र्याच्या क्रेटांवर दोरीनं बांधून गेला. गल्लीतली पोट्टी त्यावरच वाजवायला शिकली. मी प्रत्येक वेळी पाहायचो.

यंदा त्याच्या पोरीचं लग्न ठरलं. तिनं अट घातली होती, "वरातीपुढं माहे बाबाच वाजवतीन." मुलीचा बाप वरातीत वाजवतो का, म्हणून नातेवाईक कुरकुरले. पोरगी म्हणे, "नाई वाजवलं त मी मंडपात येत नाई."

हळदीच्या दुपारी अंगणात तो तेच पितळ चिंचेनं घासायला बसला. माझ्यानं राहवलं नाही. "घासू नको," म्हणालो, आणि सगळं सांगून टाकलं. कशामुळं खोटं बोललो, तेही.

त्यानं हातातली चिंच खाली ठेवली. म्हणाला, "म्हंजे मी फ्रान्सच्या वाद्यानं दरवाजा अडवून ठेवत होतो?"

"हो."

"अन् तू पाह्यत होता."

"हो."

वहिनींनी हळदीच्या हातानं माझ्यापुढं चहा ठेवला. "भाऊजी, आजच सुचलं तुमाले?" एवढंच बोलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाजवायला बसला आणि पंचाईत झाली. सॅक्सोफोन त्यानं बाळंतिणीचं पोर घ्यावं तसा धरला. बोटं चाव्यांवर टेकतच नव्हती. सूर निघाला तो आजारी माणसाच्या खोकल्यासारखा. पोरगी आतून धावत आली. "बाबा, काय झालं तुमाले?"

"मले भेव लागून राहिलं याचं," तो म्हणाला. पोरीचा चेहरा उतरला. माझ्याकडं पाहायची तिला गरज नव्हती. मीच मान खाली घातली. संध्याकाळी वरात, आणि मी नेमकी त्याची फूक काढून घेतली होती.

वरात निघायच्या वेळी तो माझ्यापाशी आला. माझा सॅक्सोफोन त्यानं सरळ माझ्या गळ्यातून काढला. माझं माउथपीस माझ्या हातात दिलं, स्वतःचं त्यावर बसवलं आणि फ्रान्सचा माझ्या गळ्यात अडकवला. "बावीस वर्सं तुलेच याची किंमत माईत होती. आता तूच सांभाळ."

आणि माझ्या मेरठच्या डबड्यात त्यानं अशी काही फूक मारली की नवरदेवाची घोडी बिचकली. वाकून, उसळून, धुळीत गुडघा टेकून वाजवत होता. कुरकुरणारे नातेवाईक सगळ्यात पुढं नाचत होते. पोरगी मंगल कार्यालयाच्या गच्चीवर मैत्रिणींच्या घोळक्यात, शालू सावरत, तिथूनच ठेका धरून. मी मागच्या रांगेत, ते पितळ छातीशी कवटाळून. फटाका वाजला की वळायचो, कोणाचं कोपर आलं की वाकायचो. घामानं शर्ट भिजला.

वळणावर तो मागं आला, लालबुंद, हसत. "धरून काहून राहिला बे? वाजव ना."

"काही झालं तर?"

"माहं हाय ते. मी म्हनतो ना, वाजव."

मी माझं माउथपीस त्यावर बसवलं आणि वाजवलं. पहिला सूर वाकडाच आला. तो माझ्या शेजारी तसाच उभा राहिला, दुसरा सरळ येईपर्यंत, आणि मग पुढं पळाला.