कोळशाची रेघ

वडिवळ्याच्या आमच्या घरात मधल्या भिंतीवर पोलिसाची उंची काढलेली होती. कोळशाची एक आडवी रेघ, बस. गावात एक पेन्शनर शिपाई होता, त्याला सगळे आबा म्हणत. भरतीला एवढा माणूस लागतो, असं सांगून त्यानंच ती ओढली आणि माझ्या थोरल्या भावाला तिच्याखाली उभं केलं. दादाचं डोकं रेघेच्या बोटभर खाली राहिलं. त्या एका बोटापायी माझं एक अख्खं वर्ष गेलं.

दादा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. अजून वाढेल, आबा म्हणाला, पण त्याच्या डोक्यावर ओझं देऊ नका, ओझ्यानं मणका दबतो आणि माणूस खुंटतो. हे ज्ञान त्याला कुठून मिळालं देव जाणे. नोकरीत असताना लाठीपेक्षा जड काही त्यानं उचललं नसावं. पण घरानं त्याचा शब्द झेलला. त्या दिवसापासून दादाच्या डोक्यावरचं सगळं उतरलं आणि ते माझ्या डोक्यावर आलं.

मी सोळा वर्षांची होते आणि दादापेक्षा चांगली तीन बोटं उंच. मला बघायला आलेली दोन स्थळं त्याच कारणानं परत गेली होती. नवऱ्याच्या वर मान काढणारी सून कोणालाच हवी नव्हती. तेव्हा घरात भिंतीपाशी कोणी मला उभं करत नसे. उलट पाहुणे आले की आई मला बसवून ठेवी.

उन्हाळ्यात भाताच्या रोपांच्या जागेवर राब भाजायचा म्हणून डोंगरातून पाला आणि फांद्या आणायच्या, त्या मी आणल्या. शेणाच्या पाट्या वाहिल्या. भात कापल्यावर खाचरातून खळ्यावर भारे नेले, आणि मग पेंढा कामशेतच्या बाजारापर्यंत. चुंबळीखालचे केस झिजून तिथं टाळू दिसायला लागली. दादा सकाळ-संध्याकाळ आंब्याच्या फांदीला लोंबकळायचा, दुपारी सपाट जमिनीवर पाठ टेकून पडायचा. दूध त्याला, तूप त्याला. मला राग यायचा आणि तो मी कोणावर काढू शकत नव्हते, म्हणून बैलांवर ओरडायचे. बैल बिचारे ऐकून घ्यायचे.

वर्षभरानं दादाचं डोकं रेघेला लागलं. आईनं देवापुढं नारळ फोडला.

भरती पुण्याला होती. कामशेतपर्यंत दादाला बैलगाडीत आडवं घालून नेलं, आगगाडीतही वडिलांनी त्याला बाकावर निजवलं. उभं राहिल्यानं उंची उतरते, हीही आबाचीच अक्कल. डब्यातल्या लोकांना वाटलं, पोराला दवाखान्यात नेताहेत. एका बाईनं त्याच्या उशाशी मोसंबं ठेवलं म्हणे.

उंचीत तो पास झाला. मग डॉक्टरनं छातीला फीत लावली आणि श्वास भरून घ्यायला सांगितलं. दादानं भरला. फीत हवी तेवढी सरकली नाही. पुन्हा भर म्हणाले, पुन्हा तेच. मग मैदानात पळायला लावलं, तर दुसऱ्या फेरीलाच तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. तिथल्या जमादारानं त्याचे तळहात उलटून बघितले आणि विचारलं, तू खरंच शेतकऱ्याचा आहेस ना? हे सगळं वडिलांनी घरी येऊन सांगितलं, चूळही न भरता.

घरात मग कोणाचं चुकलं याचा शोध सुरू झाला. वडिलांच्या मते डॉक्टरचं, आईच्या मते दृष्ट लावणाऱ्यांचं. मी पेंढ्याचा भारा टाकून नुकतीच आत आले होते. वर्षभर तोंडात धरलेलं तेव्हा बाहेर पडलं.

"वजनानं त्याची उंची दबती, मग माझी न्हाई का दबत, आये?"

आई तांदूळ निवडत होती. तिनं वरही बघितलं नाही.

"दबली तर बरंच हाय की. नवरा तरी मिळंल."

ती दुष्टपणानं बोलली नव्हती. आमटीत मीठ कमी आहे म्हणावं तशी बोलली. म्हणजे हे ठरलेलंच होतं. एका वजनानं दोन कामं व्हायची होती, आणि ते मला सोडून घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

दादा माझ्याकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भारा उचलायला वाकले, तेव्हा त्यानं येऊन त्याला हात घातला. मला खरंच बरं वाटलं. आईनं ओट्यावरून सांगितलं, की पुढच्या साली पुन्हा भरती आहे, छातीसाठी जोर-बैठका काढ, पण डोक्यावर काही घेऊ नकोस.

दादानं भारा वर उचलला. माझ्या डोक्यावर नीट ठेवला, चुंबळ सरळ केली, आणि आंब्याकडे गेला.