न्हाईच, सर

"तुझी आई शिवऱ्याला हायवेवरच्या हॉटेलात भांडी घासते ना? मी येता-जाता चहाला थांबतो तिथं. मग तुझाही हात बसलेला असणार. चल, एवढं सगळं धुऊन टाक."

केमिस्ट्रीचे सर हे भर लॅबमध्ये बोलले. माझं बीएस्सीचं पहिलं प्रॅक्टिकल होतं. पोरं-पोरी हसली. मी मान खाली घालून बेसिनपाशी गेले.

गेले ती गेलेच. पुढं तो नियमच झाला. दर बुधवारी बाकीच्यांनी टायट्रेशन करायचं, मी त्यांचे फ्लास्क, पिपेट, ब्युरेट धुवायचे. एकदा धीर करून म्हणाले, "सर, मला बी करायचंय. धुण्यात येळच उरत न्हाई."

"'न्हाई' नाही, 'नाही'! आधी मराठी शीक, मग केमिस्ट्री."

तेव्हापासून वर्गात माझं नावच 'न्हाई' पडलं. "ए न्हाई, ही पिपेट राहिली बघ."

संध्याकाळी एसटीतून उतरले की आई हॉटेलामागच्या मोरीत बसलेली दिसायची. तिला मी सांगून ठेवलं होतं, वरच्या काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडत गेलं की एका थेंबाला खालचं पाणी गुलाबी होतं. तिला त्याचं लई नवल. दर बुधवारी विचारायची, "आला का गं रंग?"

"आला की."

त्या नळीच्या, ब्युरेटच्या, तोटीला मी धुण्यापलीकडं हात लावला नव्हता.

पण घरी पुस्तक वाचत होते. ब्युरेट पाण्यानं धुतली की जे द्रावण भरायचं, त्यानंच परत विसळायची. फ्लास्क मात्र नुसत्या पाण्यानं. नाहीतर रीडिंग चुकतं. बाकीच्यांना हे ठाऊक असायची गरजच पडली नव्हती. धुवायला मी होते.

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आलेले. सर माझ्याकडं बोट करून म्हणाले, "आधी सगळ्यांचं धुऊन दे, मग तुझा प्रयोग लाव."

माझी ब्युरेट माझ्या हातात होती.

"न्हाई."

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"काय म्हणालीस?"

"न्हाई धुणार, सर. माझं म्या धुतलं. ज्याचं त्यानं धुवावं."

"नाही म्हण. नाही."

"न्हाईच, सर."

परीक्षक खिडकीबाहेर बघत राहिले. मी तोटी फिरवली. शेवटच्या थेंबाला फ्लास्क फिकट गुलाबी झाला. तीनदा केलं, तिन्ही रीडिंग सारखी. शेजारची कुजबुजली, "अगं, माझं जमंना. फ्लास्क कशानं विसळायचा?" वर्षभर तिचा फ्लास्क मीच विसळला होता. मी मान वर केली नाही.

मार्क तिलाच जास्त पडले. मला पासापुरते. मार्कांच्या कागदावर सरांची सही होती.

त्या संध्याकाळी आईला सगळं खरं सांगितलं. वाटलं, जवळ घेईल. तिनं हातातली कढई खाली ठेवली.

"म्या पोटासाठी घासते. तू कशापायी घासलीस वरीसभर?"

 

आता डिग्री आहे. एका कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. रिपोर्टवर सही माझी असते. तरी परवा साहेब म्हणालेच, "मॅडम, तुम्ही बाईमाणूस, जाता जाता सगळ्यांचे कप तेवढे विसळून ठेवा."

मला आता 'नाही' स्वच्छ म्हणता येतं. साहेबांना मुद्दाम जुनंच ऐकवलं:

माझा कप मी विसळेन. तुमचा न्हाई.