लिंबांवरचे आकडे

आमचा लिंबांचा मळा विमानतळाच्या तारेला लागून. इंग्रजांच्या वेळची धावपट्टी, लष्कराचीही आणि इतर विमानांचीही. ती लांबवायची ठरली आणि आमच्या घरातलं स्वास्थ्य गेलं ते गेलंच.

जमीन जाणार, भरपाई मिळणार आणि भरपाईत झाडं मोजतात, एवढं ऐकून हे टेम्पो भरून लिंबाची रोपं घेऊन आले. अठरा फुटांवर लावायची, ती आम्ही सहा-सहा फुटांवर लावली. अख्ख्या शिवारानं तेच केलं, मग आम्हीच कशाला मागं राहतोय! खोडं धरल्यावर ह्यांनी एकेकावर पांढऱ्या रंगानं आकडे घातले, मोजणीवाल्याला सोपं जावं म्हणून.

मोजणी काही येईना. चौकशीला जावं तर साहेब सांगायचे, खर्चात लष्कराचा वाटा किती नि राज्याचा किती, तेच अजून ठरायचंय. इकडं माझी लिंबं एकमेकांच्या अंगावर चढली. आत ऊन जाईना, फांद्या वाळायला लागल्या. पाचव्या वर्षीसुद्धा टोपलीभर लिंबं निघाली नाहीत. रस्त्यावर गाडी वाजली की हे भरल्या ताटावरून उठायचे. मला तर त्या गाड्यांचा वीट आला होता.

शेवटी मी म्हटलं, एकाआड एक झाड काढू. हे उसळलेच. झाड तोडलं की भरपाई गेली, तुला काही कळतं का, असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी सकाळी मी कुऱ्हाड घेऊन मळ्यात शिरले. दोन, चार, सहा. हे बांधावर उभे.

"आज न्हाई तोडलं तर एकबी जगायचं न्हाई," मी त्यांच्याकडं न बघता म्हणाले.

ते निघून गेले. दुपारपर्यंत दोन ओळी मोकळ्या झाल्या. जमिनीवर ऊन पडलं. हाताला फोड आले होते, तरी कितीतरी दिवसांनी जिवाला बरं वाटत होतं.

तेवढ्यात हे परत आले, हातात रंगाचा डबा. तीन नंबरच्या झाडापाशी उकिडवे बसले आणि तिनाचा दोन केला. मग पाचाचा तीन.

"मोजणीवाला आला तर आकडं बरोबर पायजेत," म्हणाले.

असा संताप आला मला! पण रंग खोडावरून ओघळत होता, हे बोटानं पुसून आकडा पुन्हा घालत होते. मी कुऱ्हाड ठेवली, डबा धरून बसले.

सात नंबरच्या झाडाशी होतो, तेव्हा रस्त्यावर जीपचा आवाज आला. मीच आधी उठले.